मास्तरांचा दुसरा ब्रेक

गावात ज्या कोणाला गाडी चालवता येत होती, त्याला ती बहुधा मास्तरांनीच शिकवलेली असे. डॉक्टर, पोस्टमन, बेकरीवाला, शाळेच्या मुख्याध्यापिका, एवढेच काय, पण चालकांची परीक्षा घेणारे अधिकारीसुद्धा कधीकाळी मास्तरांच्या शेजारी बसून घाम पुसत गेलेले होते. मास्तरांना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. या सर्व नामावळीत एकच नाव नव्हते, आणि ते नाव मास्तरांच्याच घरात राहत होते. मास्तरांच्या पत्नीला गाडी चालवता येत नव्हती.

मास्तरांची शाळा म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, त्याखाली एक बाक, आणि खोलीच्या मधोमध सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेली लाकडी गाडी: एक खुर्ची, एक स्टिअरिंग आणि तीन पेडले. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा याच गाडीवर काढावा लागे. मास्तर हातात छडी घेऊन शेजारी उभे राहत आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या शब्दांत सांगत, "क्लच झटक्यात सोडायचा नाही. झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा, तसा काढून घ्यायचा." भिंत पातळ होती, पलीकडे स्वयंपाकघर होते.

खऱ्या गाडीत मास्तरांच्या बाजूला एक जादा ब्रेक बसवलेला होता. विद्यार्थी चुकला की तो दाबायचा. मास्तर कधी कोणावर ओरडले नाहीत. ते ब्रेक दाबत, समोरच्या काचेतून दूर कुठेतरी पाहत, आणि एक लांब उसासा टाकत. ज्यांनी तो उसासा ऐकला होता, ते सांगत की यापेक्षा मास्तरांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यांच्या शिस्तीची आणखी एक खूण म्हणजे लाकडी ठोकळा. विद्यार्थ्यांनी ओढून ओढून शाळेच्या गाडीचा हँडब्रेक सैल करून टाकलेला होता. आणि गाडी गिअरमध्ये उभी करावी तर नवशिका चावी फिरवतो आणि गाडी बेडकासारखी उडी मारते. म्हणून शाळेची गाडी नेहमी न्यूट्रलमध्ये उभी राही आणि मास्तर स्वतःच्या हाताने चाकाला ठोकळा लावत. चढ असेल तर मागच्या चाकाच्या मागे, उतार असेल तर पुढच्या चाकाच्या पुढे. ठोकळ्यावर पिवळे-काळे पट्टे होते आणि ते फिके पडले की मास्तर पुन्हा रंगवत.

अशा माणसाच्या नशिबात साडू म्हणून गप्पीदास यावा, हा योग मोठा विचित्र होता.

गप्पीदास हे अर्थात टोपणनाव; पण त्याची बायको, म्हणजे मास्तरांची मेव्हणी, तीसुद्धा त्याला कौतुकाने त्याच नावाने हाक मारी. या गृहस्थाने छत्र्या विकल्या होत्या, रेडिओ दुरुस्त केले होते, काही दिवस एका दुकानाबाहेर अस्वलाचा वेष घालून पत्रके वाटली होती. कोणत्याही धंद्यात तो टिकला नाही आणि कोणत्याही धंद्यातून बाहेर पडताना त्याचा चेहरा उतरला नाही. उलट प्रत्येक धंद्याची एकेक गोष्ट तयार करून तो सासऱ्यांकडच्या रविवारच्या जेवणाला हजर होई. सासरे, ज्यांना सारे नाना म्हणत, आयुष्यभर शिवणयंत्रावर वाकून बसलेले शिंपी; हसताना ते अजूनही पाठीला हात लावत. धाकट्या जावयाच्या गोष्टीने नानांचा हात पाठीला गेला की मास्तर मान खाली घालून पानातल्या मिठाची रेघ सरळ करत बसत.

नाना हसले तर मास्तरांना खुपे. पण ते सोसण्यासारखे होते. न सोसवणारी गोष्ट निराळी होती. पत्नी हसे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बहिणीच्या खांद्यावर डोके टेकून, पदराने तोंड झाकून हसे. लग्न झाल्यापासून मास्तरांनी तिला दिले नाही असे काही नव्हते: वेळच्या वेळी घरी येणे, न गळणारे छप्पर, आजारपणात घड्याळ लावून औषध. पण असे हसू काही तिला त्यांच्याकडून मिळाले नव्हते, आणि ते या अस्वलाच्या वेषातल्या माणसाला फुकट मिळत होते. मत्सर हा शब्द मास्तरांनी स्वतःबद्दल कधीच वापरला नसता. ते त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत.

यात भर पडली ती चढाची.

गावाबाहेर, जुन्या पंपघराच्या पुढे, दोन टेकड्यांच्या मधून जाणारा एक रस्ता होता. एके दिवशी गप्पीदासाची खटारा गाडी तिथे बंद पडली. ढकलायला सोपे जावे म्हणून त्याने ती न्यूट्रलला टाकली, ब्रेक सोडला आणि खाली उतरण्यापूर्वीच गाडी चालू लागली. मागे नव्हे, पुढे, चढावर. दुसरा कोणी असता तर घाबरून पळाला असता. गप्पीदास त्या चढाच्या माथ्यापर्यंत आरामात गेला, गाडी आपोआप थांबली तिथे उतरला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच जागी त्याने चहाची टपरी टाकली.

लांबलांबून लोक येऊ लागले. गप्पीदास प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून सांगे, "समोर बघा, चढ आहे की नाही? आहे ना? आता न्यूट्रल करा, ब्रेक सोडा, आणि फक्त स्टिअरिंग धरून बसा. काहीएक करू नका. आयुष्यात एकदा तरी काही न करता वर जाऊन बघा, साहेब!" गाडी वर सरके, आतली माणसे किंचाळत, हसत, माथ्यावर चहा पीत, आणि उलट फिरून पुन्हा पायथ्याशी येत.

पहिल्यांदा हे कानावर आले त्या रविवारी मास्तरांनी जेवताना घसा साफ केला. "तो चढ नाहीच मुळी. तो उतार आहे. दोन्ही बाजूंच्या टेकड्या तिरक्या, झाडं तिरकी वाढलेली, क्षितिज कुठे दिसतच नाही. त्यामुळे डोळ्यांची फसगत होते."

"अहो पण मास्तर," गप्पीदास म्हणाला, "उतार बघायला कोण येणार? उतार तर सगळ्यांच्या घरासमोर आहे!"

नानांचा हात पाठीला गेला. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन तर बघा. ब्रेक सोडून बसायचं फक्त."

"मी?" मास्तर म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांना उतारावर न्यूट्रल करू नका म्हणून सांगत आलो."

"म्हणून तर म्हणतेय. चढ आहे तो!"

आणि पत्नी हसली. बहिणीच्या खांद्यावर डोके टेकून हसली.

त्यानंतर काही गोष्टी मास्तरांच्या नजरेत भरू लागल्या, कारण त्यांची नजर आरशात मागचे पाहण्यासाठी घडवलेली होती. पत्नी दर बुधवारी दुपारी बहिणीकडे जाऊ लागली. स्वेटर विणायला, असे तिने सांगितले. ऋतू पालटत आला तरी त्या स्वेटरची पाठ काही वाढेना. परत येताना तिच्या चपलांना टेकडीकडची तांबडी माती असे आणि ओठांवर कसलेतरी गाणे. एकदा बाजारातून येताना ती शेजारच्या सीटवरून अचानक म्हणाली, "तुमच्या गाडीचा क्लच हल्ली फार वरती पकडतो, नाही का?"

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जाणवलं आपलं."

जाणवलं! तिला क्लच आणि ॲक्सिलरेटर यांतला फरक जाणवला असता तर अजून काय पाहिजे होते. हे वाक्य साडूचे होते, मास्तरांची खात्रीच पटली. हा मनुष्य आपल्या पाठीमागे आपल्या गाडीची निंदा करतो आणि आपली बायको ती ऐकून घेते. नुसती ऐकत नाही, तर घरी येऊन पाठ म्हणून दाखवते.

मग एके सकाळी बेकरीवाल्याने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सहज म्हटले, "मास्तर, परवा बाई दिसल्या चढावर. साडूंच्या गाडीत, पुढे बसल्या होत्या. लांबून बघितलं, पण काय खूश दिसत होत्या हो! मी आमच्या हिला म्हटलं, मास्तरीणबाईंना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं."

मास्तरांनी पाव घेतला, सुटे पैसे घ्यायला विसरले, आणि तसे विसरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. वाटभर त्यांच्या डोळ्यांपुढे ती गाडी त्या खोट्या चढावर सरकत होती. पुढच्या सीटवर हसणारी पत्नी. शेजारी, दोन्ही हात हवेत उडवत, अस्वलाची गोष्ट सांगणारा गप्पीदास. वाईट असे काही त्यात आहे, असे मास्तरांना क्षणभरही वाटले नाही. पत्नीला ते ओळखत होते आणि साडूलाही. वाईट असते तर निदान रागावता तरी आले असते. त्यांना खात होते ते एवढेच, की आपल्या शेजारी बसलेली असताना ती खिडकीबाहेर पाहत गप्प असते आणि त्याच्या शेजारी बसून ती हसते.

गेल्या महिन्यातही असेच झाले होते. नानांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मास्तरांच्या वर्गांची वेळ होती. त्यांनी सायंकाळी नेतो म्हणून सांगितले. सायंकाळी घरी येतात तो पत्नी म्हणाली, "नेऊन आणलं नानांना. धाकट्यांच्या गाडीतून." तेव्हाही मास्तर गप्प बसले होते. आता गप्प बसायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

पुढच्या रविवारी नानांनीच टूम काढली, की जेवणे आटोपल्यावर सगळ्यांनी चढावर जाऊन चहा घ्यावा. मास्तर लगेच हो म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणाले, की मेव्हणीने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. त्यांच्या डिकीत सकाळपासूनच एक सरळ फळी आणि गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ ठेवलेली होती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

नाना गप्पीदासाच्या गाडीतून पुढे गेले आणि माथ्यावरच्या टपरीसमोर खुर्ची टाकून बसले. मास्तर पत्नीला घेऊन मागून पोहोचले. पायथ्याशी पाहुण्यांच्या गाड्यांची रांग होती आणि गप्पीदास तिथे खिडकीखिडकीशी वाकत होता. मास्तरांनी आपली गाडी थोडी पुढे, रस्त्याच्या कडेला घेतली, न्यूट्रल केली, सैल हँडब्रेक ओढला, खाली उतरून शिरस्त्याप्रमाणे ठोकळा लावला, आणि डिकीतून फळी काढली.

"हे काय आणलंय?" शेजारच्या सीटवरून पत्नीने विचारले.

"पाणसळ. गवंडी भिंतीची समपातळी बघतो ती. बुडबुडा कुठे जातो त्यावरून कळतं, चढ कुठे आणि उतार कुठे."

"म्हणजे चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं?"

"खोटं आहे ते खोटंच दिसलं पाहिजे."

"त्यांचं पोट चालतंय हो त्यावर."

"प्रश्न पोटाचा नाही. शिस्तीचा आहे."

पत्नीने मान फिरवली. "मग तुम्हीच करा तुमची शिस्त. मला नाही तो तमाशा बघायचा. मी बसते इथेच." तिने हात छातीशी गुंडाळले. चावी गाडीलाच राहिली, कारण तिला काच वर करायची होती.

मास्तरांनी भर रस्त्यावर फळी ठेवली, तिच्यावर पाणसळ ठेवली, आणि वर्गात बोलावे तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "मंडळी, कृपया इकडे लक्ष द्या." लोक गोळा झाले. बुडबुडा मधल्या रेघा ओलांडून सरळ पायथ्याकडच्या टोकाला जाऊन बसला. "बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो. म्हणजे उंच भाग आपल्या पाठीमागे आहे. समोर जो तुम्हाला चढ वाटतोय, तो उतार आहे. गाड्या वर जात नाहीत. उतारावरून घरंगळतात. यात चमत्कार काही नाही."

मास्तरांनी साडूकडे पाहिले. त्या एका क्षणासाठी त्यांनी इतके दिवस वाट पाहिली होती. गप्पीदास फळीजवळ आला, गुडघ्यांवर बसला, त्याने पाणसळीत डोकावून पाहिले, मग मान वर करून रस्त्याकडे, पुन्हा पाणसळीकडे, पुन्हा रस्त्याकडे.

"अरे बापरे," तो म्हणाला. "मास्तर बरोबर बोलतात की! मंडळी, या, सगळ्यांनी या. आधी बुडबुडा बघा. बघितला? उतार आहे, पटलं? आता डोळे वर करा!"

लोकांनी डोळे वर केले. समोर चढ होता. माहीत असूनही होता. पाणसळ पायाशी असूनही होता.

"अजून चढच दिसतोय!" एक जाडजूड गृहस्थ ओरडले.

"मला पण! मला पण बघू द्या ती पाणसळ!"

हा हा म्हणता रांग लागली. आजवर लोक एकदा चकित होत होते. आता दोनदा होऊ लागले. गप्पीदासाने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. "थोरले, इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात? ही पाणसळ इथेच ठेवा. मी पाटी लावतो: मास्तरांची पाणसळ, चहाबरोबर फुकट!"

हशा पिकला. वर टपरीसमोर नानांचा हात पाठीला गेलेला मास्तरांना इथूनही दिसला. पाणउतारा झाला असता तर तो त्यांनी झेलला असता. पण साडूने त्यांचा पराभवसुद्धा त्यांच्या हाती लागू दिला नव्हता, तो त्यांच्या देखत उचलून आपल्या गोष्टीत घालून टाकला होता. संतापाने त्यांच्या कानशिलांवर शिरा तटतटल्या. त्यांनी कोणाच्या तरी हातातून पाणसळ ओढून घेतली, फळी काखेत मारली, गाडीपाशी आले, दोन्ही वस्तू डिकीत टाकल्या आणि डिकी धाडकन आपटली.

त्या हिसक्याने सैल हँडब्रेकने दम सोडला. गाडी हलली.

मास्तरांनी पाहिले, तो गाडी त्यांच्यापासून दूर चालली होती. हळूहळू, पण निश्चयाने, टपरीच्या दिशेने, नाना बसले होते त्या खुर्चीच्या दिशेने, ती त्या चढावर चढत होती. आणि रस्त्यावर, मागचे चाक होते त्या जागी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ठोकळा एकटाच उभा होता.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणसळ आणणाऱ्या मास्तरांनी ठोकळा मात्र चढाचा लावला होता. मागच्या चाकाच्या मागे. बुद्धीला ठाऊक होते, पण हाताने डोळ्यांचे ऐकले.

"वा, मास्तर! आता तुमची गाडी पण!" रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. मास्तर धावले. साठी ओलांडलेला, इस्त्रीच्या विजारीतला तो मनुष्य त्या उतारावर धावला, आणि धावताना त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता: "ब्रेक! ब्रेक!"

गाडी थांबली. झटका न देता थांबली. शेजारच्या सीटवरून पत्नीने तो दुसरा ब्रेक दाबला होता, मास्तरांचा ब्रेक.

पुढे जे घडले ते मास्तर रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभे राहून पाहत राहिले. पत्नीने दोन्ही हातांनी हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला. ती चालकाच्या जागी सरकली. सीट पुढे घेतली. आरसा स्वतःच्या उंचीला वळवला, जे मास्तरांचे अर्धे विद्यार्थी परीक्षेच्या दिवशीही विसरत. चावी फिरली. मागे वळून पाहत, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, तिने गाडी उलट घेतली. म्हणजे दिसायला उतारावरून, पण खरोखरी चढावर, अर्ध्या क्लचवर तोलून, पायरीपायरीने, एकदाही न गुरगुरता. मागचे चाक ठोकळ्यापाशी आले आणि त्याला टेकले. ठोकळा हललासुद्धा नाही. मग ती खाली उतरली, ठोकळा उचलला आणि पुढच्या चाकाच्या पुढे लावला.

इतके सुंदर रिव्हर्स मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आणि ते त्यांनी शिकवलेले नव्हते.

"थोरले!" वरून नाना ओरडले. "घाबरलात काय? तिच्या हातात गाडी अगदी सुरक्षित असते. ऑपरेशनला मला तिनेच नेलं होतं!"

धाकट्यांच्या गाडीतून. त्या दिवशी तिने एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते.

मास्तरांनी सभोवार पाहिले. मेव्हणीने नजर चुकवली. गप्पीदास, ज्याच्याजवळ प्रत्येक प्रसंगासाठी एक गोष्ट असे, तो टपरीचे फडके पिळत उभा होता. सर्वांना माहीत होते. पाव विकणाऱ्या माणसालाही अर्धे माहीत होते.

"तुम्ही शिकवलंत?" मास्तरांनी त्याला विचारले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

"मी कसला शिकवतोय, मास्तर," गप्पीदास म्हणाला. "मी नुसता बसायचो शेजारी."

"चला घरी," पत्नी म्हणाली, आणि चालकाच्या बाजूने आत बसली. ठोकळा काढून मागे टाकण्याचे काम मास्तरांकडे आले. मग ते शेजारी बसले. ती त्यांचीच जागा होती. शाळेच्या वेळी ते नेहमी तिथेच बसत. पण तिच्या शेजारी या जागेवर ते यापूर्वी एकदाच बसले होते.

गाडी पंपघरापाशी आली तेव्हा मास्तरांनी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

"मग? अख्ख्या गावाला शिकवलं मी."

"मलाही शिकवायला घेतलं होतंत. टॉवरच्या चढावर. आठवतंय?"

त्यांना आठवत होते. घड्याळाच्या मनोऱ्याजवळचा तो चढ. सिग्नल सुटला आणि तिच्याकडून गाडी बंद पडली, पुन्हा बंद पडली, मागे भोंगे वाजू लागले. "मी तुला एका शब्दानं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हतात. उसासा टाकला होतात. मग म्हणालात, उतर. मागच्या सीटवर तुमचे दोन विद्यार्थी बसले होते." ती रस्त्यावरून नजर न हलवता बोलत होती. "भोंग्यांची मला भीती नव्हती वाटली. त्या उसाशाची वाटली. धाकट्यांच्या चढावर गाडी आपोआप चालायची. बंद पडायचा प्रश्नच नाही. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसायची. मग एक दिवस वाटलं, उलट पण आणून बघू. मग क्लच. मग सगळंच."

मास्तरांना जे विचारायचे नव्हते तेच तोंडातून बाहेर पडले. "तो काय बोलायचा शेजारी बसून? गोष्टी सांगत असेल."

"ते? एक शब्द नाही. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसायचे. मी बंद पाडली तरी नाही, कुंपणाला घासली तरी नाही."

गप्पीदास गप्प बसला होता. जन्मात कधी न जमलेली गोष्ट त्या माणसाने तिच्यासाठी करून दाखवली होती, आणि मास्तरांना, ज्यांना मितभाषी म्हणून गाव ओळखत होते, तेवढे गप्प बसणे साधले नव्हते. हसवण्यात तो पुढे होता हे त्यांनी केव्हाच मनातल्या मनात मान्य केले होते. मौनातही तो पुढे निघावा, हे फारच झाले.

समोर टॉवरचा चढ आला. सिग्नल तांबडा झाला. गाडी चढाच्या ऐन मध्यावर थांबली. हा चढ खरा होता. त्याला पाणसळीची गरज नव्हती. मागे एक मालमोटार येऊन उभी राहिली, इतकी जवळ, की आरशात तिची नुसती जाळी दिसत होती.

मास्तरांचा पाय सवयीने दुसऱ्या ब्रेकवर गेला.

पत्नीने ते पाहिले. स्टिअरिंगवरची तिची बोटे आवळली गेली. मास्तरांनी ती बोटे पाहिली. मग त्यांनी पाय उचलला, दुसऱ्या पायाजवळ जमिनीवर ठेवला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मेव्हणी म्हणाली होती तसे: ब्रेक सोडून.

सिग्नल हिरवा झाला. मालमोटारीने भोंगा वाजवला. मास्तरांच्या छातीत श्वास भरून आला आणि तो कुठून, कसा बाहेर पडेल हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी तो आत दाबून धरला.

"झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून," पत्नी स्वतःशीच पुटपुटली, आणि क्लच काढून घेतला. गाडी तसूभरही मागे न येता चढावर चढली.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. "हे कुठे ऐकलंस?"

"कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात. भिंतीपलीकडे रोज कोणाला तरी सांगत असता. मला झोपेतसुद्धा पाठ आहे." तिने गिअर बदलला. "ते मला काय शिकवणार? त्यांना स्वतःला क्लच कळत नाही. त्यांची गाडी बघा ना, कशी कुरकुरते."

हे वाक्य मास्तरांनी तोंडात विरघळत ठेवल्यासारखे पुष्कळ वेळ जपले. घराच्या वळणापाशी मात्र त्यांना राहवेना. "गिअर टाकताना तुझं कोपर जरा..." त्यांनी सुरुवात केली.

पत्नीने त्यांच्याकडे तिरपे पाहिले.

"काही नाही," मास्तर म्हणाले. मग दम कोंडून बसलेला तो उसासा, इतका वेळ अडवून धरलेला, त्यांना न विचारता बाहेर पडला, आणि तो लपवण्यासाठी त्यांनी घाईघाईने खोकण्याचा इतका केविलवाणा प्रयत्न केला, की पत्नीला हसू फुटले. साधे नव्हे. गाडी कडेला घेऊन थांबवावी लागली. स्टिअरिंगवर डोके टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पदराने तोंड झाकून ती हसत राहिली.

मास्तर पाठ ताठ ठेवून तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी आरशात पाहिले. रस्ता मागे दूरवर रिकामा होता. टपरी इथून कोसभर लांब होती, आणि हे हसू साडूच्या कानांवर जाण्याची काडीमात्र शक्यता नव्हती. खरे सांगायचे तर, हसण्याइतकेच त्यांना त्याचेही समाधान वाटले.